पार्किंगमधली अडगळ

आपल्याकडे वस्तू जुनी होते, मोडते, पण घराबाहेर जात नाही. आधी ती हॉलमधून आतल्या खोलीत जाते, तिथून गॅलरीत, गॅलरीतून माळ्यावर. माळा भरला की जिन्याखाली. 'असू दे, लागेल कधीतरी' हे वाक्य मी आजीकडून ऐकलं, आईकडून ऐकलं, सासूबाईंकडून तर रोज ऐकलं. पूर्वी यावर उतारा होता. दुपारची जेवणं आटोपली की बोहारीण यायची, चार साड्या आणि दोन पँटी उलटसुलट करून बघायची आणि तासभर घासाघीस करून एक पातेलं देऊन जायची. रद्दीवाला यायचा, भंगारवाला यायचा. घर थोडं मोकळं व्हायचं.

पण बोहारीण मोटार नेत नाही ना!

आमची सोसायटी पुण्यात, कोथरूडच्या बाजूला. ३२ फ्लॅट, दोन विंग, वय तीसच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत 'सेक्रेटरी कोण होतंय?' असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात बघितलं, आणि चेअरमन म्हणाले, 'वहिनी, तुम्ही आता रिटायर झालात ना?' झालं. बँकेतली नोकरी संपून मला जेमतेम तीन महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात मी वही घेऊन पार्किंगमध्ये उतरले आणि मोजदाद केली. वापरात नसलेल्या स्कूटर आणि मोटारसायकली सात. त्यातल्या तिघींचे मालक कोण, हे कुणालाच माहीत नाही. लहान मुलांच्या गंजलेल्या सायकली नऊ. एक बाबागाडी. संडासाचं जुनं भांडं एक (फ्लॅटचं नूतनीकरण होऊन चार वर्षं झाली होती). टायर पाच. आणि कंपाउंडच्या भिंतीला खेटून, फाटक्या ताडपत्रीखाली, एक प्रीमियर पद्मिनी. म्हणजे आपल्या भाषेत फियाट.

ती फियाट बी विंगमधल्या काकूंची. काका २०११ साली गेले, तेव्हापासून ती जागची हललेली नाही. चाकांतली हवा गेली, मग रबर कुजलं, मग एका पावसाळ्यात डिकीचं झाकण वाकलं. सगळ्यांना दिसत होतं, पण काकूंना सांगणार कोण? मांजरीने त्यात तीनदा पिल्लं घातली, तेवढाच काय तो तिचा उपयोग.

हे असंच चाललं असतं. पण २०२४ चा पावसाळा आला.

त्या वर्षी जूनमध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडायला लागले, हे आठवत असेल. झिका तसा साधा ताप. अनेकांना तर कळतही नाही झाल्याचं. पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, आणि त्या वर्षी पुण्यातल्या रुग्णांमध्ये गरोदर बायका बऱ्याच होत्या. आमच्या बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या मुलीला चौथा महिना लागला होता. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर फियाटच्या वर. तिने खिडक्यांना जाळ्या बसवल्या, दिवसभर पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसायला लागली. एक दिवस जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, 'काकू, मी माहेरी जाऊ का? तिथे तरी डास नसतील.' माहेर सांगलीला. मी तिला काय सांगणार?

जुलैत कीटकप्रतिबंधक विभागाचा कर्मचारी आला. हातात बॅटरी आणि एक पांढरी वाटी. त्याने कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, टाकी बघितली, आणि मग ताडपत्रीकडे गेला. ताडपत्रीच्या घड्यांत पाणी. टायरांत पाणी. डिकीत स्टेपनी ठेवायच्या खळग्यात पाणी. वाटीत घेऊन त्याने मला दाखवलं. बारीक, काळपट, वळवळणाऱ्या अळ्या. 'एडिसच्या आहेत, मॅडम,' तो म्हणाला. 'डेंगी, चिकुनगुनिया, झिका, सगळं याच्यातनंच.' या डासाबद्दल त्याने मला जे दहा मिनिटांत सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हा डास चावतो तो दिवसा, म्हणजे घरात असणाऱ्या बायकांना आणि लहान मुलांना. तो फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो; म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुतेक आपल्याच आवारात जन्मलेला असतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायला सांगतात. आणि अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात, ती पाणी सुकलं तरी महिनोन्‌महिने टिकतात. पुढच्या पावसात पुन्हा जिवंत! म्हणजे नुसतं पाणी ओतून दिलं की झालं, असं नाही. टायर, पिंप घासून काढावं लागतं.

त्याने औषध टाकलं आणि नोटीस माझ्या हातात दिली. नोटिशीवर नाव सोसायटीचं. मी म्हटलं, 'गाडी तर एका सभासदाची आहे.' तो म्हणाला, 'आवार सोसायटीचं आहे ना? मग तुम्हीच जबाबदार.'

आणि इथून माझा अभ्यास सुरू झाला.

मला भाबडेपणाने वाटत होतं की बेवारस गाडी म्हटली की एक फोन करायचा, क्रेन येते आणि उचलून नेते. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी रस्त्यांवरच्या खटारा गाड्या हटवायची मोहीम काढली होती, त्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पुण्यातही रस्त्याकडेच्या गाड्यांवर नोटिसा चिकटवून त्या उचलताना बघितलं होतं. म्हणून चौकीत गेले. हवालदारसाहेब सभ्य होते. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, 'ताई, गेटच्या बाहेर असती तर उचलली असती. आत आहे, हे आमच्यात येत नाही.'

त्यांचं बरोबर होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तासांहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस ओढून नेऊ शकतात आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करतात. पण अट आहे ती 'सार्वजनिक ठिकाणी' या शब्दांची. सोसायटीचं आवार म्हणजे खासगी जागा. तिथे तुम्ही दहा तास नाही, दहा वर्षं गाडी कुजवा, या कलमाचा हात तिथे पोचत नाही. महापालिकेचंही थोडंफार तसंच. रस्ता, फुटपाथ त्यांचा. तिथली अडगळ ते थेट उचलतात. खासगी आवारात मात्र ते 'हे साफ करा' म्हणून मालकाला नोटीस देतात, दंड करतात. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात तर डासांची पैदास होऊ न देण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकणारं ३८१-ब हे कलमच आहे. म्हणजे बघा, कायद्याला गाडीचं काही नाही, तिच्यात साठलेल्या पाण्याचं आहे!

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसत सुटली. तिच्या दिराने एक नादुरुस्त गाडी स्वतःच्या घरासमोर, स्वतःच्याच जागेत ठेवली होती, तर महिनाभरात गावच्या कचेरीतून पत्र आलं : नोंदणी संपलेली, न चालणारी गाडी रस्त्यावरून दिसेल अशी ठेवता येणार नाही, गॅरेजमध्ये घाला नाहीतर हलवा. तिकडे अनेक गावांत असे नियम आहेत. मला क्षणभर हेवा वाटला. मग वाटलं, इथे कुणी असं पत्र पाठवलं तर पहिला मोर्चा आमच्याच सोसायटीतून निघेल. 'माझ्या जागेत मी काहीही ठेवीन' हे आपल्याकडे जन्मसिद्ध हक्काच्या यादीत आहे.

सोसायटीच्या सभेत विषय घेतला. दोन तास चर्चा झाली, म्हणजे पाऊण तास पार्किंगवर आणि सव्वा तास एकमेकांच्या कुंड्यांवर. एका सभासदांनी नामी उपाय सुचवला : रात्री चार जणांनी मिळून गाडी गेटबाहेर ढकलायची. रस्त्यावर आली की ती महापालिकेची! सगळे हसले, पण निम्म्या लोकांना ते मनापासून पटलं होतं. आणि खरं सांगू का, कितीतरी सोसायट्या हेच करतात. रस्त्याकडेला ज्या कुजक्या गाड्या दिसतात त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी आवारातून ढकललेल्या असतात. मी ठाम नाही म्हटलं. नोंदणी काकांच्या नावावर, दंडाचा कागद येणार तो काकूंच्या दारात. सत्तर ओलांडलेल्या बाईला आपण असं फसवायचं?

माझी एक मैत्रीण वकील आहे. तिने दुसरी वाट सांगितली. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ वं. यात उपद्रवाची जागा खासगी असली तरी, लोकांच्या आरोग्याला धोका असेल, तर आदेश निघू शकतो. याच कलमाचा आधार घेऊन मध्य प्रदेशातल्या रतलामचे रहिवासी उघड्या गटारांविरुद्ध लढले होते. नगरपालिका म्हणत होती, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. गोष्ट ऐकून मला स्फुरण चढलं. पण मैत्रीणच पुढे म्हणाली, 'अगं, हे तोफगोळे आहेत. आधी तू काकूंशी बोललीस का?'

बोलले नव्हते. कुणीच बोललं नव्हतं. तेरा वर्षांत एकानेही नाही.

गेले एका दुपारी. काकूंनी कोकम सरबत केलं. मी गाडीचा विषय काढायच्या आतच त्या म्हणाल्या, 'नोटीस आली ना? मला वॉचमनने सांगितलं.' आणि मग त्या बोलायला लागल्या. ही फियाट १९९० सालची. काकांनी कर्ज काढून घेतली. पण गाडी काकांची नव्हतीच मुळी, चालवायच्या काकू. काकांना क्लच जमायचा नाही. त्या काळात या भागात बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर लोक थांबून बघायचे. सासूबाईंच्या डायलिसिसच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा त्यांना हॉस्पिटलात नेणं-आणणं काकूंनी याच गाडीतून केलं. मुलीच्या लग्नात वरात याच गाडीतून. काका गेले त्या रात्रीही, अँब्युलन्सची वाट न बघता, काकूच त्यांना घेऊन निघाल्या होत्या. परत आल्या त्या रिक्षाने. गाडी दुसऱ्या दिवशी भावाने आणून लावली. त्यानंतर काकूंनी किल्ली हातात घेतली नाही.

'भंगारवाला म्हणतो तेव्हा मला पोटात कालवतं गं,' त्या म्हणाल्या. 'तो चारचौघांसमोर हातोड्याने फोडेल ती.'

मी त्यांना खालच्या मुलीबद्दल सांगितलं. चौथा महिना आहे म्हणून. ती कुठल्या खिडकीत उभी राहून स्वयंपाक करते, तेही. काकू गप्प बसल्या. मग उठून आत गेल्या आणि गाडीचं आरसी बुक घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर रबरबँड. 'काय करायचं ते कर,' म्हणाल्या, 'पण रीतसर कर.'

आता 'रीतसर' म्हणजे काय, ते जरा नीट सांगते, कारण हे प्रत्येक घरात कधी ना कधी लागणार आहे.

गाडी निकामी झाली की ती परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घेणं ही मालकाची जबाबदारी असते. कायद्यात चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर असं म्हटलंय. आपल्यापैकी किती जणांनी हे केलं असेल? आपण नाक्यावरच्या भंगारवाल्याला बोलावतो, चार पैसे घेतो आणि विसरतो. पण कागदोपत्री गाडी आपल्याच नावावर राहते. उद्या तिचा नंबर किंवा चासी कुठल्या भानगडीत सापडली तर पोलीस पत्ता शोधत आपल्याच दारात येणार. शिवाय बॅटरीतलं शिसं नि आम्ल, इंजिनाचं ऑइल, हे सगळं तो बिचारा उघड्या हातांनी गटारात ओतणार.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहनं मोडीत काढण्याचे नियम आणले. त्यानुसार नोंदणीकृत केंद्रं सुरू झाली. तिथे गाडी दिली की आधी ती चोरीची तर नाही ना, हे पाहतात; मग तेल, वायू, बॅटरी काढून घेतात आणि मगच तोडतात. गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेताना खासगी गाडीला मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केली. प्रत्यक्ष किती, ते राज्य ठरवतं. दुसऱ्या बाजूने, एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केलं. गाजर आणि काठी, दोन्ही.

ऐकायला सोपं. करायला लागले तेव्हा कळलं. आरसी बुक कागदी, जुनं. संगणकावर गाडीची नोंदच नाही. ती आधी चढवून घ्यायची. मालक हयात नाहीत, म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बंगळूरच्या मुलीचं आणि काकूंच्या मुलाचं संमतिपत्र. सगळ्यात कहर म्हणजे १९९० च्या कर्जाचा बोजा. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसी बुकावरून बोजा उतरवायचा राहून गेलेला. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. शाखेतला तरुण अधिकारी म्हणाला, 'मॅडम, हे कर्ज माझ्या जन्माआधीचं आहे.' बँकेची ३५ नंबरच्या फॉर्मवर सही लागते. मी स्वतः बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून कुठल्या विभागाला, कुठल्या भाषेत पत्र लिहायचं ते ठाऊक होतं. तरी सात आठवडे गेले. मैत्रिणींनो, एकच सांगते : कर्ज फिटलं की त्याच महिन्यात बोजा उतरवून घ्या. आणि घरातल्या प्रत्येक गाडीचे कागद कुठे आहेत ते नवऱ्याला विचारून ठेवा. नंतर विचारायला तो असेलच असं नाही.

या सगळ्यात डास थांबणार होते थोडेच! पहिल्याच आठवड्यात आम्ही बायकांनी गाडीची ताडपत्री काढून टाकली, स्टेपनीच्या खळग्याला खालून भोक पाडून घेतलं, टायर घासून कोरडे करून शेडमध्ये हलवले. दर रविवारी सकाळी दोघी-दोघींची पाळी लावली. हातात बॅटरी आणि पांढरी वाटी. पुरुषमंडळी आधी हसायची, मग त्यांच्यातले दोघे पाळीत आले. सांगलीची मुलगी माहेरी गेली नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला मुलगी झाली, साडेसहा पौंडांची. पेढे पहिल्यांदा आले ते काकूंकडे.

फियाट गेली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये. ब्रेक जाम, चाकं फिरेनात. गेटमधून मोठी क्रेन आत येईना. शेवटी वॉचमन, दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरची दोन कॉलेजातली पोरं, सगळ्यांनी चाकांखाली पाइप घालून ती सरकवली. काकू खाली उतरल्या होत्या. त्यांनी डॅशबोर्डवरचा चिमुकला गणपती काढून पदरात घेतला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. ड्रायव्हर समंजस होता, थांबला. चारचौघांसमोर हातोडा पडला नाही. पैसे आले सतरा हजारांच्या आसपास, थेट काकूंच्या खात्यात. त्या पैशांतून त्यांनी सोसायटीला एक कचऱ्याचा मोठा डबा घेऊन दिला आणि उरलेल्यातून स्वतःसाठी एक मिक्सर घेतला. जुना मिक्सर माळ्यावर गेला असणार, मी विचारलं नाही.

त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडमध्ये चिखली-कुदळवाडीत मोठी कारवाई झाली. भंगाराची दुकानं, गोदामं, पत्र्याच्या शेड, हजारोंच्या संख्येने पाडली गेली. तिथली जमीन सरकारी नव्हती, बरीचशी खासगी मालकांची, भाड्याने दिलेली. आगी लागायच्या, धूर व्हायचा, जवळच इंद्रायणी. आसपासच्या लोकांचा त्रास खराच होता. महापालिका कायद्याप्रमाणे असा धोकादायक, उपद्रवी व्यवसाय करायला परवाना लागतो, बांधकामाला परवानगी लागते. तरी टीव्हीवर ते पत्र्यांचे ढीग बघताना माझ्या मनात येत होतं, की इतकी वर्षं हे वाढत असताना कुणाला दिसलं नाही? आणि त्या गोदामांत जे होतं ते काही आकाशातून पडलं नव्हतं. आपलेच पत्रे, आपलेच फ्रीज, आपल्याच गाड्यांचे दरवाजे. तिथे वर्गवारी करणाऱ्या कामगारांत बायकाही होत्या. अडगळ एका जागेवरून उठवली की ती दुसरीकडे बसते. शहराला भंगारवाला लागतोच. त्याला रीतसर जागा, पाणी, आग विझवायची सोय, परवाना हे सगळं आधी द्यायला नको का?

पुण्याला तरी हे वेगळं सांगायला नको. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली इथेच उभी राहिली. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करतेय. आमच्याकडे येणारी ताई त्यांच्यातलीच. तिनेच मला आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटबद्दल ऐकवलं. तो प्लॉट कुणा बाहेरगावच्या माणसाचा, कुंपण मोडलेलं, आणि त्यात पोटरीएवढा कचरा. आम्ही मालकाच्या नावाने खडे फोडत होतो. ताई म्हणाली, 'मॅडम, मालक येतोय का इथे कचरा टाकायला? वरती बघा जरा.' वरती म्हणजे आमच्याच खिडक्या. डायपर, जेवणाचे डबे, आणि सांगायला लाज वाटते, पण वापरलेले पॅड. नुसते पिशवीत गुंडाळून, खिडकीतून. ते उचलायला वाकणारीही बाईच असते. 'स्वच्छ'च्या बायकांनी किती वर्षं सांगितलं की पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. एक ठिपका काढायला किती वेळ लागतो? मी दोन्ही विंगच्या बायकांना घरी बोलावून, पुरुषांना बाहेर काढून, यावर स्पष्ट बोलले. दोघी रागावल्या. एक अजून बोलत नाही. पण खिडकीतून पडणं थांबलं. मग मालकाचा पत्ता काढून त्याला पत्र लिहिलं, महापालिकेकडेही अर्ज दिला. नोटीस गेल्यावर त्याने पत्रे ठोकले. फार सुंदर दिसतंय असं नाही.

राहिल्या दुचाकी. सातपैकी चार मालकांनीच नेल्या. फियाट गेलेली पाहून त्यांना बहुधा लाज वाटली असावी. बेवारस तिघींसाठी आम्ही सभेत ठराव केला, बोर्डावर नोटीस लावली, नोंदणीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्रं पाठवली आणि नंबर, चासी नंबर लिहून चौकीत अर्ज दिला. परस्पर विकायच्या नाहीत, हे वकील मैत्रिणीने बजावलं होतं. एकीचा मालक सापडला. पूर्वी भाड्याने राहणारा मुलगा, आता नाशिकला, येऊन कागद करून गेला. दुसरीचं पत्र 'पत्ता बदलला' असा शेरा मारून परत आलं, ती अजून आहे. तिसरी, एक जुनी चेतक, चोरीची निघाली! कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी तक्रार दिलेली. पोलीस आले, पंचनामा झाला, पंच म्हणून माझी सही, आणि चेतक टेम्पोत घालून घेऊन गेले.

जप्त गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवू नयेत, लवकर निकालात काढाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवलंय. गेल्या पावसाळ्यात मी एका दाखल्याच्या कामासाठी त्या ठाण्यात गेले, तर मागच्या बाजूला गाड्यांच्या ढिगात, चिंचेच्या झाडाखाली आमची चेतक उभी. सीट फाटून खड्डा पडलेला आणि खड्ड्यात पाणी. मी पर्समधली बॅटरी काढून वाकून बघितलं. आत वळवळ होती. ड्यूटीवरच्या हवालदारांना म्हटलं, 'अहो, एवढं पाणी तरी ओतून टाका.'

'ताई, मुद्देमाल आहे तो,' ते म्हणाले, 'हात लावता येत नाही.'